कार्डवेल लिली: पाणी कधी तोडायचं ते कळलं की सोपा होणारा कांदा

कांदा उभा चिरला की तळाशी एक टणक चकती दिसते. मुळांच्या जुडीसकट आपण ती कापून टाकतो. झाडाचं खोड म्हणजे खरं तर तेवढीच चकती. तिच्या खालून मुळं सुटतात, वर एकात एक बसलेले मांसल थर असतात, आणि ते थर म्हणजे पानांचे फुगलेले बुंधे. अगदी मधोमध हिरवट कोंब लपलेला असतो. टोपलीच्या तळाशी विसरलेला कांदा मातीपाण्याशिवाय पात काढतो, तो याच थरांतल्या साठ्यावर.

कार्डवेल लिली, म्हणजे उत्तर ऑस्ट्रेलियाकडची एक पांढऱ्या फुलांची लिली, लावण्याआधी एवढं शरीरशास्त्र डोक्यात असलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात. कारण तीही कांदाच आहे, कंद नाही. नर्सरीत हळदीपासून डेलियापर्यंत जमिनीखाली जे काही फुगीर असेल त्याला कंद म्हणायची पद्धत आहे. पण सुरण चिरून पाहा, आत एकसंध गर मिळेल, थर नाहीत. फरक नुसता शब्दांचा नाही. कांद्याचा साठा पानांच्या बुंध्यांत असतो, म्हणून पात हिरवी असेपर्यंतच कांदा पोसतो. यंदाची पानं अळीने खाल्ली तर त्याची शिक्षा पुढच्या वर्षीच्या फुलाला होते.

नातंही जवळचं आहे. आजच्या वर्गीकरणात खायचा कांदा, लसूण, स्पायडर लिली, फुटबॉल लिली, आपला नागदवणा आणि ही कार्डवेल लिली एकाच अ‍ॅमरिलिडेसी कुळात बसतात. खऱ्या लिलीचं कुळ वेगळं. अर्थात नात्यावर विसंबून चव घेऊ नका. या लिल्यांच्या कांद्यांत लायकोरिनसारखी अल्कलॉइडं असतात आणि पोटात गेली तर उलट्या-जुलाब होतात, माणसाला तसेच कुत्र्यामांजरांनाही. कुंडीतून काढलेले सुटे कांदे स्वयंपाकघरात तर मुळीच ठेवू नयेत. वरचा तपकिरी पापुद्रा सुकला की ते खायच्या कांद्यापेक्षा फार वेगळे दिसत नाहीत.

कार्डवेल हे उत्तर क्वीन्सलंडमधलं समुद्रकाठचं छोटं गाव, टाउन्सव्हिल आणि केर्न्स या दोन शहरांच्या मधलं. त्याच्या नावाने ओळखली जात असली तरी या लिलीचा रहिवास बराच मोठा आहे: क्वीन्सलंड, नॉर्दर्न टेरिटरी, पश्चिम ऑस्ट्रेलियाचा किंबर्ली भाग, शिवाय न्यू गिनी, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स. शास्त्रीय नाव प्रोइफिस अँबोइनेन्सिस. त्यातलं अँबोइना म्हणजे इंडोनेशियातल्या मालुकू बेटांमधलं अंबोन, लवंगेच्या व्यापारामुळे गाजलेलं बेट. लिनियसने १७५३ मध्ये हिला पॅन्क्रेशियम या वंशात टाकलं होतं, विल्यम हर्बर्टने १८२१ मध्ये प्रोइफिस हा वंश केला. मधे बरीच वर्षं युरिक्लिस हे नाव चाललं आणि बागकामाच्या जुन्या पुस्तकांत अजूनही तेच भेटतं. दोन्ही नावं एकाच झाडाची आहेत हे ठाऊक नसेल तर एकच कांदा दोनदा विकत घेतला जातो.

खरेदीत याहून महागात पडणारी गल्लत म्हणजे युकॅरिस. तिला अ‍ॅमेझॉन लिली म्हणतात. तिचीही पानं रुंद, फुलं पांढरी आणि फुलाच्या मधोमध वाटीसारखा भाग. पण युकॅरिस दक्षिण अमेरिकेतली, बारमाही हिरवी; तिला पूर्ण कोरडं ठेवलं तर ती कष्टी होते. कार्डवेल लिलीला मात्र कोरडं ठेवलं नाही तर ती फुलत नाही. ओळखायचं पानावरून. युकॅरिसचं पान गडद, चकचकीत, लांबट आणि टोकदार. कार्डवेल लिलीचं पान जवळजवळ जितकं लांब तितकंच रुंद, देठाशी बदामासारखी खाच असलेलं, पूर्ण वाढलं की २० ते ३० सेंटिमीटरचं. देठापासून टोकापर्यंत कमानीसारख्या शिरा जातात आणि दोन शिरांमधला भाग किंचित आत दबलेला असतो, एखाद्या कडक खळ दिलेल्या लुगड्याला चुण्या पाडाव्यात तसा. नवं पान केळीच्या सुरळीसारखं गुंडाळलेलं वर येतं आणि चार-पाच दिवसांत उलगडतं. फूल नसतानाही कुंडी शोभते ती या पानामुळे.

फुलांचा दांडा साधारण ३० ते ६० सेंटिमीटर उंच. त्याच्या टोकाला १० ते २० पांढऱ्या फुलांचा गुच्छ. सगळी एकदम उमलत नाहीत, रोज दोन-तीन, त्यामुळे दांडा बरेच दिवस टिकतो. प्रत्येक फुलाला सहा पाकळ्या, घशात पिवळसर झाक, आणि मधे पुंकेसरांचे बुंधे जुळून झालेली एक दातेरी वाटी.

सहा महिने सरकलेला पावसाळा

बाहेरच्या पुस्तकांत या कांद्याला टेंडर बल्ब म्हणतात. टेंडर म्हणजे बर्फ आणि कडाक्याची थंडी न सोसणारा. लंडन किंवा मेलबर्नमध्ये राहणाऱ्याला हा शब्द कामाचा आहे. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत त्याला काहीच अर्थ उरत नाही, कारण तिथे थंडी हा प्रश्नच नाही. तिथला प्रश्न पाण्याचा, आणि तोही पाणी कमी पडण्याचा नाही.

उत्तर क्वीन्सलंडमध्ये दोनच खरे ऋतू. साधारण डिसेंबर ते एप्रिल धो धो पाऊस, मे ते ऑक्टोबर उघडीप. किंबर्ली आणि नॉर्दर्न टेरिटरीत तर उघडीप इतकी कोरडी की महिनोन्‌महिने थेंब पडत नाही. तिथे कांदा जमिनीत, पाचोळ्याखाली, कोरडा पडून राहतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा दमट होते, पहिल्या वादळी सरी येतात आणि पान वर निघतं. फुलं डिसेंबरच्या सुमारास, म्हणून तिकडे हिला ख्रिसमस लिलीही म्हणतात.

हे कॅलेंडर सहा महिने पुढे सरकवा, कोकण दिसू लागेल. वळवाच्या सरी, मग मोसमी पाऊस, दिवाळीनंतर कोरडं. सह्याद्रीच्या सड्यांवर रानहळद आणि कोळकांदा हेच करतात: पावसात वाढायचं, बाकीचे महिने जमिनीखाली गप्प बसायचं. त्यामुळे महाराष्ट्र-गोव्यात या लिलीचं वर्ष असं चालतं: डिसेंबर ते एप्रिल झोप, एप्रिलअखेर ते मे जाग, मे ते जुलै फुलं, ऑक्टोबरपर्यंत पानं, नोव्हेंबरात पिवळी पडून खाली. ऑस्ट्रेलियात असाल तर प्रत्येक महिन्यात सहा मिळवा.

इथे एक इशारा. ऑस्ट्रेलियन कांदा म्हटला की सगळ्यांना हेच वेळापत्रक लागू होईल असं समजू नका. त्याच देशातली कॅलोस्टेमा, म्हणजे गार्लंड लिली, मरी-डार्लिंग खोऱ्यातल्या कोरड्या भागातली. तिची पानं हिवाळ्यात येतात आणि फुलं उन्हाळ्यात, पानांशिवाय. तिला कोकणातला जुलै दाखवला तर ती कुजेल. उलट क्रायनम पेडंक्युलेटम ही तिकडची पाणथळ जागेतली लिली आपल्या नागदवण्यासारखीच बारमाही हिरवी. तिला झोपच नको. देश एक, पण कांद्याला देश कळत नाही, पाऊस कळतो.

माती आणि लावणी

एका कांद्याला २० सेंटिमीटरची, म्हणजे आठ इंची कुंडी पुरते. दोन-तीन कांदे एकत्र लावायचे तर दहा इंची. त्याहून मोठी कुंडी घेऊ नका. मुळांनी न भरलेली माती ओली राहते, आणि ओल्या मातीतला कांदा म्हणजे सडण्याची वाट पाहणारा कांदा. शिवाय हा कांदा जरा दाटीवाटीतच चांगला फुलतो.

दहा इंची कुंडीत साधारण आठ लिटर मिश्रण बसतं. त्यात लाल माती ३ लिटर, जाडी वाळू किंवा विटांचा बारीक चुरा २ लिटर, कुजलेल्या पानांचं खत २ लिटर आणि गांडूळखत १ लिटर. वर ५० ग्रॅम निंबोळी पेंड आणि एक मोठा चमचा हाडांचा चुरा. कोकोपीट टाळलेलं बरं. ते पाणी धरून ठेवतं, आणि वरून सुकलेलं दिसलं तरी तळाशी ओलं असतं, त्यामुळे अंदाज चुकतो. सामू (पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान चालतो, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

देशावरच्या वाचकांसाठी: काळी माती वापरूच नका, थोडीसुद्धा. ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते आणि भेगाळताना या कांद्याची जाड, मांसल मुळं तुटतात. तुटलेल्या जागेतून बुरशी आत शिरते. जमिनीत लावायचाच असेल तर १५ ते २० सेंटिमीटर उंच वाफा करून त्यात वरचं मिश्रण भरा.

भरलेली कुंडी तपासायची सोपी रीत आहे. एक लिटर पाणी सावकाश ओता. मिनिटभरात खालच्या भोकातून धार लागली तर मिश्रण बरोबर. पाणी वर तळ्यासारखं साचून राहिलं तर आणखी वाळू घाला, आणि हे लावणीच्या आधी करा, नंतर नाही.

कांदा लावताना त्याची मान मातीच्या पातळीला किंवा किंचित वर राहू द्या. मान पूर्ण गाडली तर पावसाचं पाणी तिच्याभोवती मुरतं आणि कुज वरून सुरू होते. सुकलेली काळी मुळं काढून टाका. पांढरी, भरीव मुळं कापू नका, छाटायचा मोह झाला तरी. शेजारच्या कांद्यापासून दोन बोटांचं अंतर. लावणीची वेळ झोपेच्या शेवटी, म्हणजे आपल्याकडे एप्रिलमध्ये.

पाणी

हा कांदा मरतो तो बहुतेक वेळा माणसाच्या मायेने. लावला, आणि रोज तांब्याभर पाणी. जागा होत असलेल्या कांद्याला अजून मुळं फुटलेली नसतात, पाणी प्यायला तोंडच नसतं. ते पाणी चकतीभोवती साचतं आणि चकती सडते. वर तीन आठवडे काही दिसत नाही म्हणून आणखी पाणी घातलं जातं.

त्याऐवजी लावल्यावर दहा इंची कुंडीला एकदाच अर्धा लिटर पाणी द्या. मग थांबा. हिरवं टोक दिसायला दोन ते चार आठवडे लागू शकतात. मधे माती दोन इंच खोल बोट घालून कोरडी लागली तरच पाव लिटर. टोक दिसलं, पान उलगडायला लागलं की मग हात सोडा: एका वेळी एक लिटर, पाऊस नसेल तर दोन-तीन दिवसांनी. भर पावसात कुंडी उघड्यावर असेल तर वेगळं पाणी नको. खालची बशी मात्र काढून टाका. मुसळधार पावसात सलग आठवडाभर भिजणाऱ्या कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात, म्हणजे भोकं मोकळी राहतात.

ऑक्टोबरअखेर पाणी निम्मं करा. पुढचं नाशिककडचे कांदा उत्पादक चांगलं जाणतात. पातीच्या माना पडायला लागल्या की ते पाणी तोडतात, कारण शेवटच्या ओलीमुळे कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही. इथेही तसंच. पहिलं पान पिवळं पडलं की दहा दिवसांतून एकदा अर्धा लिटर, आणि सगळी पानं तपकिरी होऊन लोळली की पाणी बंद. हिरवी पानं कापायची नाहीत. पिवळं पडतानाही पान आपल्याजवळचं उरलंसुरलं अन्न कांद्यात परत पाठवत असतं. हाताने अलगद ओढल्यावर निघून येईल तेव्हाच काढा.

मुंबईसारख्या दमट हवेत, रोज थोडं थोडं पाणी मिळत राहिलं तर पानं डिसेंबरातही हिरवी राहतात. लोक खूश होतात. पण अशी अर्धवट जागी राहिलेली कुंडी मे महिन्यात आणखी पानं काढते आणि दांडा काढत नाही. फूल हवं असेल तर नोव्हेंबरात ती छपराखाली नेऊन कोरडी पाडावीच लागते. किमान दहा आठवडे पूर्ण कोरडी, बारा-चौदा असतील तर उत्तम.

झोपलेली कुंडी रिकामी दिसते, आणि रिकाम्या कुंडीचे दोनच शेवट होतात: बाकीच्या झाडांबरोबर तिलाही पाइपने पाणी मिळतं, नाहीतर कुणीतरी माती उपसून तिच्यात मिरची लावतं. यावर साधा उपाय म्हणजे कुंडी सरळ आडवी करून बाकाखाली ठेवणं. आडव्या कुंडीत कुणी पाणी घालत नाही. कांदे उपसून ठेवायची गरज नाही. मुळं न हलवता कुंडीतच राहू दिले तर पुढच्या वर्षी फूल लवकर येतं. उपसायचेच झाले तर कांद्याच्या चाळीचा नियम: हवेशीर जागा, एकच थर, प्लॅस्टिकची पिशवी नाही.

नागपूर-चंद्रपूरकडे एप्रिलमध्ये पारा ४० च्या वर जातो. तिथे लहान कुंडीतला कांदा उन्हाने वाळतो. कुंडी सावलीतच हवी, आणि तीन आठवड्यांतून एकदा कडेकडेने १०० मिलिलिटर पाणी. कांदा दाबून पाहा. टणक असेल तर काही करू नका. सगळीकडून सारखा किंचित मऊ असेल तर तो तहानलेला आहे, जागा झाल्यावर भरून येईल. फक्त बूड मऊ आणि वास येतोय, तर तो सडतोय.

ऊन आणि खत

रानात ही झाडं मोठ्या झाडांच्या सावलीत, कवडशात वाढतात. सकाळचं कोवळं ऊन दोन तास आणि नंतर उजेडाची सावली, हे सर्वात चांगलं. पूर्व किंवा उत्तरेकडची गॅलरी, आंब्या-चिकूखालची जागा, ५० ते ७५ टक्क्यांची हिरवी जाळी, काहीही चालेल. दुपारच्या उन्हात पानावर कागद जळल्यासारखे पांढरट-तपकिरी चट्टे पडतात आणि ते परत हिरवे होत नाहीत. उलट अगदी अंधाऱ्या जिन्यात ठेवलं तर देठ लांब होतात, पान सुरेख दिसतं आणि फूल कधीच येत नाही.

खत पान उलगडल्यानंतरच. जून ते ऑगस्ट दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, ओल्या मातीवर. सप्टेंबरात नत्र कमी करून पालाश वाढवा: ०:०:५० लिटरला एक ग्रॅम, दोन वेळा. ऑक्टोबरपासून काही नाही. सेंद्रियच द्यायचं असेल तर महिन्याला दोन मुठी गांडूळखत आणि ऑगस्टमध्ये एक मूठ निंबोळी पेंड पुरे. ताजं शेणखत या कांद्याजवळ आणू नका.

ऑस्ट्रेलियन झाडांना स्फुरद चालत नाही, असा एक समज सगळीकडे फिरतो. तो बँक्सिया, ग्रेव्हिलिया अशा प्रोटिएसी कुळातल्या झाडांबद्दल खरा आहे. आपल्याकडे चहाकॉफीच्या मळ्यांत दिसणारा सिल्व्हर ओक त्याच कुळातला. कार्डवेल लिलीला तो नियम लागू नाही, हाडांचा चुरा तिला खुशाल चालतो.

फूल का येत नाही

कारणं ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने सांगायची तर पहिलं, कोरडी झोप न मिळणं. ते वर आलंच. दुसरं, कांदा लहान असणं. पाच सेंटिमीटरपेक्षा कमी व्यासाच्या कांद्याकडून अपेक्षा ठेवू नये. तिसरं, दरवर्षी कुंडी बदलणं. मुळं हलली की तो हंगाम मुळं दुरुस्त करण्यात जातो. तीन-चार वर्षं हात लावू नका, पिल्लांनी कुंडी फुगायला लागली की मगच सुटे करा. चौथं, नत्राचा मारा. पानं मोठाली, दांडा नाही. आणि पाचवं, मागच्या वर्षीची पानं वेळेआधी जाणं. या कुळातल्या बऱ्याच कांद्यांत फुलाचा कोंब आदल्या हंगामातच कांद्याच्या आत तयार होऊ लागतो, तेव्हा मे महिन्यात फूल नाही म्हणून केलेली धावपळ त्या वर्षापुरती वाया असते. चूक मागच्या पावसाळ्यात झालेली असते.

पानं वेळेआधी जातात ती मुख्यतः अळीमुळे. लिलीवर्गातल्या पानांवर आपल्याकडे एक काळी, पांढऱ्या आणि केशरी ठिपक्यांची अळी टोळीने पडते; कळलावीवर आणि स्पायडर लिलीवर ती अनेकांनी पाहिली असेल. शेजारी ती झाडं असतील तर पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा पानाची खालची बाजू पाहा. अंड्यांचा पुंजका दिसला तर तेवढं चिरडा, काम संपलं. अळ्या लहान असताना बॅसिलस थुरिंजिएन्सिस या अळ्या मारणाऱ्या जिवाणूची पावडर लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी फवारा. दिवसाच्या उन्हात तिचा असर लवकर जातो. मोठ्या झालेल्या अळ्या हातमोजे घालून वेचणं हाच खरा उपाय. ऑस्ट्रेलियातही लिलीची अशीच एक अळी आहे आणि तीही एका रात्रीत झाड साफ करते.

गोगलगायी कोवळी सुरळी खातात. परिणाम गमतीशीर दिसतो: पान उलगडतं तेव्हा त्यावर ओळीने सारखी भोकं, पंचने पाडल्यासारखी, कारण गुंडाळलेलं असतानाच आरपार खाल्लेलं असतं. संध्याकाळी कुंड्यांजवळ ओलं गोणपाट पसरा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी उचलून साबणाच्या पाण्यात टाका. पिठ्या ढेकूण देठांच्या बेचक्यात आणि झोपेच्या काळात पापुद्र्याखाली बसतो. कापसाने स्पिरिट लावून पुसा, नंतर निंबोळी तेल लिटरला पाच मिलिलिटर, त्यात थोडा द्रव साबण.

पानांवर, दांड्यावर लालसर-विटकरी चट्टे दिसले तर ती या कुळातली ओळखीची बुरशी. चट्टे असलेला भाग कापून फेका, कंपोस्टमध्ये नाही, आणि पानांवर पाणी उडवणं थांबवा. आणि कांदा सडत असेल तर लाजू नका, काढा, धुवा, स्वच्छ सुरीने पांढरा, टणक भाग लागेपर्यंत कापत जा. चकतीचा एक तुकडा आणि त्यावर दोन-तीन थर उरले तरी आशा आहे. चकती पूर्ण गेली असेल तर नाही, कारण मुळं फक्त तिच्यातूनच येतात. उरलेला भाग मँकोझेब या बुरशीनाशकाच्या लिटरला दोन ग्रॅम द्रावणात पंधरा मिनिटं बुडवून तीन दिवस सावलीत सुकवा आणि जवळजवळ कोरड्या वाळूत ठेवा.

थंडीचं थोडक्यात: पानं असताना १० अंशांखाली पारा गेला तर ती काळवंडतात. पुण्यात डिसेंबर येईपर्यंत कांदा झोपी गेलेला असतो, त्यामुळे भिंतीच्या आडोशाला कोरडी कुंडी पुरते. निफाडसारख्या ठिकाणी, जिथे पारा पाचच्या खाली जातो, कुंडी घरात घ्या. ब्रिस्बेनमध्ये ती झाडाखाली जमिनीत राहू शकते, सिडनीत वळचणीला कुंडीत, मेलबर्नमध्ये हिवाळाभर घरात. थंड भागात राहणाऱ्यांनी खरं तर हिची बहीण ब्रिस्बेन लिली शोधावी. पान अरुंद, झाड लहान, पण आग्नेय क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्सच्या ईशान्य भागातली असल्यामुळे गारव्याला जरा सोशिक.

तिकडे राहणाऱ्या नातेवाइकांकडून कांदा बॅगेतून मागवू नका. भारतात लावणीचं साहित्य आणायला २००३ च्या वनस्पती क्वारंटाइन आदेशानुसार आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, आणि ऑस्ट्रेलियात कांदा नेण्याचे नियम त्याहून कडक आहेत. रीतसर आलेला कांदा जर पानांसकट आला तर पानं त्यांच्या वेळेने वाळू द्या, मग कोरडा ठेवून आपल्या मे महिन्याला उठवा. गोलार्ध बदललेल्या कांद्याचं घड्याळ जुळायला एक-दोन हंगाम जातात, त्या काळात फूल न आल्यास त्याला दोष देऊ नये.

बी नसलेलं बी

फुलं गळल्यावर काही देठांवर बोराएवढी हिरवी, गोल फळं धरतात. ती पिकून लाल होतील, तडकतील म्हणून वाट पाहणाऱ्यांची निराशा होते. नखाने साल सोला. आत टरफलाचं सुकं बी नसतं. असतो एक भरीव, हिरवट-पांढरा इवलासा कांदा, फळात असतानाच रुजायला लागलेला. प्रोइफिस या नावाचा ग्रीक अर्थही लवकर उपजणं असाच आहे.

म्हणून हे बी साठवता येत नाही. डबीत सुकवून ठेवलं, फ्रिजमध्ये टाकलं, की मेलं. फळ हात लावताच गळून पडलं की त्याच आठवड्यात लावा. चार इंची कुंडीत वरचंच मिश्रण, त्यात वाळू थोडी जास्त. फळ निम्मं मातीत रुतेल एवढंच दाबा, वरून माती घालू नका. सावली, आणि माती ओलसर, चिखल नाही. काही आठवड्यांत खाली जाड पांढरं मूळ उतरतं. त्या हंगामात एकच पान येतं, रुपयाएवढं, तेही कधी कधी दुसऱ्या पावसाळ्यात. पहिल्या हिवाळ्यात या बाळकांद्यांना पूर्ण कोरडं करू नका, कारण थरांत अजून साठा नसतो. पंधरा दिवसांनी दोन चमचे पाणी द्या. दुसऱ्या वर्षापासून मोठ्यांचे नियम. फूल यायला तीन ते चार वर्षं लागतात. घाई असेल त्यांनी जुन्या कांद्याच्या कुशीतली पिल्लं एप्रिलमध्ये सुटी करावीत. मात्र पिल्लाला स्वतःची मुळं आली आहेत का ते आधी बघा, नसतील तर आणखी एक वर्ष आईजवळ राहू द्या.